ऑक्सिमीटर ९४ दाखवतंय, मग अण्णांना दम का लागतोय?

सेलू तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, चांगलं पाच पानी आहे, थोडक्यात सांगते. सासरे ७१ वर्षांचे, घरात सगळे अण्णा म्हणतात. जन्मभर शेती, बिडी आणि गावच्या भजनात टाळ. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, संभाजीनगरला केमो झाले, पण पसरला, आणि शेवटी "आता घरी न्या, सेवा करा" असं सांगितलं. दोनदा छातीतलं पाणी काढून झालंय. पुढचं ताईंच्याच शब्दात देते:

"रात्री दोन-अडीचला ताडकन उठून बसतात, डोळे मोठे करतात, 'खिडकी उघडा, मला हवा पुरंना' म्हणतात. आम्ही बोटाला मशीन लावतो तर ९४ नाहीतर ९५. ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणलंय, लाईट गेली की आमचेच हातपाय गळतात. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात पण नणंदबाई म्हणतात ती अफू आहे, त्यानं श्वास बंद पडतो, त्यांनी डबीच उचलून ठेवली. दीर पुण्याहून रोज फोन करतात की आयसीयूत टाका. आणि परवा अण्णांनी मलाच विचारलं, सूनबाई, मी गुदमरून मरणार का गं? मी पाणी आणते म्हणून उठून गेले."

ताई, सगळ्यात आधी ते बोटाचं मशीन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यात दाखवणारा ऑक्सिमीटर, कपाटात ठेवून द्या. खरंच. डॉक्टरांनी विचारलं तर काढा, एरवी नको.

दम लागणं हे दुखण्यासारखं आहे, ज्याला होतंय त्यालाच कळतं. दाढ दुखते तेव्हा आपण कुठल्या मशीनवर नंबर बघतो का, माणूस म्हणतो दुखतंय म्हणजे दुखतंय. रक्तात ऑक्सिजन ठीक असला तरी छातीचे स्नायू थकलेले असतात, बाजूला पाणी भरलेलं असतं, फुफ्फुसाला फुगायला जागा नसते, आणि मेंदूला सारखा निरोप जात राहतो की हवा कमी पडतेय. उलटंही असतं, ८६ असलेला पेशंट निवांत पेपर वाचत बसलेला मी बघितलाय. मी नवीन नवीन सिस्टर होते तेव्हाची गोष्ट, वॉर्डात एक आजी म्हणत होती "बाई, जीव कोंडायलाय माझा", आणि मी शहाणी, तिला मॉनिटर दाखवून म्हणाले, आजी बघा ९६ आहे, काही होत नाही तुम्हाला. ती गप्प बसली. त्यानंतर तिनं मला कधीच काही सांगितलं नाही, माझी ड्यूटी संपायची वाट बघायची आणि दुसऱ्या सिस्टरला सांगायची. म्हणून म्हणते, अण्णांच्या चेहऱ्याकडं बघा, मानेच्या शिरा ताठ झाल्यात का, एक वाक्य सलग बोलता येतंय का, खांदे वर उचलून श्वास घेतायत का. त्या ९४ पेक्षा हे जास्त सांगतं.

आता रात्री अडीचचं बघू. तेव्हा काय होतं ते तुम्ही लिहिलंच आहे, अण्णा उठतात, सगळं घर उठतं, लाईट लागते, सासूबाई रडायला लागतात, कुणी पाठ चोळतंय कुणी मशीनचा नंबर ओरडून सांगतंय, आणि अण्णा त्या सगळ्यांचे चेहरे बघून आणखी घाबरतात. घाबरलं की श्वास उथळ आणि भरभर होतो, तसा झाला की दम वाढतो, दम वाढला की पुन्हा भीती. हे चाक फिरायला लागलं की थांबवायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीलाच अडवायचं. आणि त्यासाठी अण्णांजवळ एकच माणूस पाहिजे, बाकीचे ओसरीत.

तुम्ही असाल तर तुम्ही. पहिलं काम त्यांना बसतं करायचं, मागं लोड किंवा घडी केलेल्या वाकळा, पुढं मांडीवर एक जाड उशी, त्या उशीवर दोन्ही कोपरं टेकवून थोडं पुढं झुकायचं, पाय बाजेखाली सोडलेले. शेतात धाप लागली की माणूस गुडघ्यावर हात टेकून वाकतो ना, कुणी शिकवलेलं नसतं, तेच हे. हात टेकले की खांद्याचे स्नायू श्वासाच्या कामाला मोकळे होतात. पाठीवर सपाट झोपवायचं नाही, कुणी कितीही म्हणालं "जरा आडवं करा, आराम पडंल" तरी नाही.

दुसरं, पंखा. छताचा नाही, हातात धरायचा छोटा, चार्जिंगचा किंवा सेलवरचा, परभणीच्या बाजारात दोन-तीनशेत मिळून जाईल. तो चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरायचा, नाक, गाल आणि वरचा ओठ एवढ्या भागावर वारं लागलं पाहिजे. हसू नका, मला माहीत्ये एवढ्या मोठ्या आजारात पंखा काय सांगतेय असं वाटतं, पण चेहऱ्याच्या त्या भागातल्या नसांना गार वारं लागलं की मेंदूपर्यंत "हवा येतेय" असा निरोप जातो आणि दमाची जाणीव उतरते, यावर रीतसर अभ्यास झालेत आणि जगभरचे पॅलिएटिव्ह केअरवाले, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायचं काम करणारे डॉक्टर-सिस्टर, आज हे पहिल्या उपायांत धरतात. अण्णा "खिडकी उघडा" म्हणतात ते उगाच नाही, त्यांच्या अंगाला ते कळलेलंय. पंखा नसला तर गार पाण्यात पिळलेला पंचा गालांवरून फिरवा, पुठ्ठ्यानं वारा घाला. लाईट गेली तरी हे सगळं चालतं, मला यातलं तेच सगळ्यात आवडतं.

तिसरं, त्यांना "मोठा श्वास घ्या, मोठा श्वास घ्या" असं म्हणायचं बंद करा. सगळे हेच म्हणतात आणि त्यानं वाईटच होतं, आधीच आत घेऊन घेऊन छाती भरलेली असते, बाहेर सोडायला वेळच मिळत नाही. म्हणायचं "सोडा". गरम चहावर फुंकर मारतो तशी ओठ आवळून हळूहळू फुंकर, जितका वेळ घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा, घ्यायचं आपोआप होतं. तुम्ही समोर बसून त्यांच्याबरोबर तशीच फुंकर घाला. आणि अण्णा भजनातले आहेत तर एक सांगू का, श्वास सोडताना बारीक आवाजात "विठ्ठऽऽल" म्हणायला लावा, एका श्वासाला एक विठ्ठल. माझ्या एका पेशंटनं हे स्वतःच काढलं होतं, मी नंतर कितीतरी जणांना शिकवलं. नामानं फरक पडला की लांब सोडलेल्या श्वासानं ते तुम्ही ठरवा, माझं काही म्हणणं नाही.

हे सगळं मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून बाजेच्या वरच्या भिंतीवर चिकटवा: बसवा, पंखा, फुंकर, मग गोळी, मग अमुक नंबरला फोन. रात्री अडीचला डोकं चालत नसतं कुणाचंच.

ऑक्सिजनचं मशीन. ज्यांचा ऑक्सिजन खरंच खाली गेलेला असतो त्यांना त्याचा उपयोग होतो, पण ९४-९५ वाल्याला फारसा नाही. २०१० साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला, २३९ पेशंट, सगळ्यांना दमाचा त्रास पण रक्तातला ऑक्सिजन फार खाली नाही. निम्म्यांना नाकातल्या नळीतून ऑक्सिजन दिला, निम्म्यांना तसल्याच मशीनमधून तसल्याच नळीनं साधी हवा, कुणाला काय चालूय हे त्यांना माहीत नव्हतं. सात दिवसांनी दोन्हीकडं सारखंच, थोडा थोडा आराम दोन्ही गटांना पडला होता. मी असं म्हणत नाही की उद्या मशीन परत करा, अण्णांना त्याचा आधार वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून राहू द्या. पण लाईट गेली की "आता संपलं" असं जे घरात होतं ना, तेवढं काढून टाका, दम मशीनमुळं थांबलेला नसतो तर ते बंद पडल्यामुळं फारसा वाढणारही नाही, वाढते ती आपली धडकी आणि ती अण्णांना लागते. मशीन चालू असताना त्या खोलीत निरांजन, अगरबत्ती, चूल, गॅस काही नको, अण्णांनी गुपचूप एखादी बिडी मागितली तर मशीन बंद करून बाहेर न्या पण नळी नाकात असताना काडी पेटवू नका, चेहरा भाजलेली माणसं बघितलीत मी. नाक कोरडं पडतं म्हणून तूप, खोबरेल, व्हॅसलीन लावतात तेही नळी असताना नको, दुकानात पाण्याच्या बेसचं जेल मिळतं ते लावा.

आता नणंदबाईंकडं येते. त्यांच्यावर चिडू नका, बाप आहे त्यांचा, आणि त्या म्हणतात त्यातलं अर्धं खरंच आहे, मॉर्फिन अफूपासूनच निघतं. म्हणूनच तर त्याच्यावर १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, तो इतका कडक होता की खऱ्या पेशंटलाही गोळी मिळायची मारामार, शेवटी २०१४ मध्ये कायदा बदलून मान्यताप्राप्त दवाखान्यांना ती ठेवायची सोय केली. म्हणजे तुमच्या घरात जी डबी आलीय ती सहज आलेली नाही. उरलेलं अर्धं, श्वास बंद पडतो हे, ते भरमसाठ डोस एकदम दिला तर. दमासाठी डॉक्टर अगदी थोड्यावर सुरू करतात, बहुतेक वेळा अडीच किंवा पाच मिलिग्रॅम, म्हणजे १० च्या गोळीचा पाव किंवा अर्धा तुकडा, चार-चार तासांनी, आणि हळूहळू वाढवतात. तसं दिलं तर श्वास धोक्यात यायच्या कितीतरी आधी गुंगी दिसते, तेव्हा डोस कमी करता येतो. साधारण अर्ध्या तासात असर व्हायला लागतो. मॉर्फिन दम घालवत नाही, दमाची ती भयानक जाणीव बोथट करतं. तुमच्या अण्णांना नेमकी किती, ते ज्या डॉक्टरांनी दिलं त्यांनाच विचारायचं, चिठ्ठीवर असेल ते. लघवी फार कमी व्हायला लागली किंवा किडनीचा काही रिपोर्ट असेल तर आवर्जून सांगा, मग मॉर्फिन अंगात साठतं आणि डोस बदलावा लागतो. हाक मारून हलवूनही जागे होत नसतील किंवा श्वास अगदीच तुरळक झाला तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन. पहिले दोन-चार दिवस मळमळतं, ते जातं. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून गोळीबरोबर पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या, नाहीतर अण्णा संडासला कुंथून कुंथून दमतील आणि सगळं मुसळ केरात. (इथं एक सांगते, शेजारी कुणाला साधा दमा किंवा सीओपीडी (बिडी-धुरानं श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असेल तर हे वाचून त्यांना यातली गोळी देऊ नका, सीओपीडीवाल्यांवर २०२२ मध्ये जो अभ्यास आला त्यात रोजच्या कमी डोसच्या मॉर्फिननं दम काही कमी झाला नव्हता. ज्याची गोळी त्यालाच.)

आणि गोळ्यांचा हिशोब नणंदबाईंकडंच द्या. खरंच. एक वही करा, वेळ, किती दिली, अर्ध्या तासानं अण्णा कसे होते, किती उरल्या, सगळं त्यांनी लिहायचं, डबी कुलपात, किल्ली त्यांच्याजवळ. मी दोन-तीन घरात हे करून बघितलंय, जो सगळ्यात जास्त विरोध करत होता त्याच्या हातात वही दिली की चौथ्या दिवशी तोच म्हणतो, सिस्टर रात्रीचा डोस थोडा कमी पडतोय का हो.

डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी. पाणी दोनदा काढलंय म्हणजे परत भरत असणार, दर वेळी गाडी करून नेण्यापेक्षा छातीत छोटी नळी ठेवता येईल का, किंवा पाणी परत भरू नये म्हणून औषध सोडतात ते जमेल का, एवढं विचारा. हिमोग्लोबिन कधी बघितलं ते विचारा. ताप, हिरवा-पिवळा बेडका, एक पाय अचानक सुजणं, चेहरा-मान सुजून शिरा फुगणं, एकदम तासाभरात दम वाढणं, यातलं काही झालं तर ते नेहमीचं धरू नका, त्याच दिवशी कळवा. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचं युनिट आहे का, त्यांची सिस्टर घरी येते का ते आशाताईंकडून काढा, त्यांना माहीत असतं.

आणि सलाईन. आपल्याकडं सलाईन म्हणजे जीव की प्राण, अण्णा खात नाहीत म्हणून गावातला कुणीतरी "दोन बाटल्या लावतो, ताकद येईल" म्हणणारच. ताकद येत नाही. या स्टेजला ते पाणी अंगात जिरत नाही, पायावर सूज आणि छातीत खरखर वाढवतं. भूक नाही तर नाही, दोन चमचे ताक, आंबील, जे मागतील ते, बसवून, दम शांत असताना. धाप लागलेली असताना तोंडात पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं. कापूस ओला करून ओठ पुसा.

भेटायला येणाऱ्यांचं तुम्ही लिहिलं नाही पण मला माहीत्ये, पत्र्याचं घर, एक खिडकी, आणि खिडकीपाशी बारा माणसं बाजेभोवती कोंडाळं करून. दारात कुणीतरी खमकं बसवा, दोघांनी आत जायचं, पाच मिनिटं, मग चहा बाहेर.

दिवसातली ताकद मोजून खर्च करा, अंघोळ स्टुलावर बसवून, रोज नको, एक दिवसाआड अंग पुसलं तरी चालतं. कमोडची खुर्ची बाजेजवळ. संडासपर्यंत चालत जाऊन येणं म्हणजे अण्णांना आता डोंगर चढून येणं आहे, लाजतील, पण रात्री सोय असली की हळूहळू वापरतील.

दीरांचं आयसीयू. लांबच्या माणसाला काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांचंही चूक नाही. पण त्यांना फोनवर एकच विचारा, व्हेंटिलेटर लावला तर तो निघणार कधी? न्युमोनिया झाला असता, विषबाधा झाली असती तर मशीन तेवढे दिवस काढून देतं आणि माणूस बरा होऊन घरी येतो. इथं फुफ्फुस भरून येणार नाहीये. नळी घातल्यावर अण्णांना बोलता येणार नाही, हात बांधावे लागू शकतात, आणि तुम्ही काचेच्या बाहेर. तरी निर्णय अण्णांचा आहे, ते शुद्धीत आहेत, विचारा त्यांना, दीर गावी आलेले असताना सगळ्यांसमोर. नको म्हणायचा त्यांना कायद्यानं अधिकार आहे, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच सन्मानानं मरणं हा हक्क मानलाय.

एक आणखी, आता सांगायला नको वाटतं पण आधी माहीत असलेलं बरं. अगदी शेवटच्या दिवसात घशात घरघर सुरू होते, आपल्याकडं "घरघर लागली" म्हणतात तीच. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण तोवर माणूस बहुतेक वेळा गुंगीत असतो, त्याला त्याचा त्रास जाणवत नसतो, घशात साठलेली लाळ असते ती. एका कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच, डॉक्टरांकडं ती कमी करायचं औषध असतं. श्वास मध्येच थांबतो, परत सुरू होतो, तेही होतं. आणि जुनी माणसं म्हणतील भुईवर घ्या, तोंडात गंगाजल घाला. घ्या ना, कुणी अडवत नाही, फक्त भुईवर घेताना सपाट निजवू नका, लोडाला टेकवून घ्या, आणि गंगाजल तुळशीच्या पानानं ओठांना लावा, आत ओतू नका. पुण्य तेवढ्यानंही लागतं असं आमच्या गावचे भटजीच म्हणायचे.

आता अण्णांचा प्रश्न. तुम्ही पाणी आणायला उठून गेलात त्याचं वाईट वाटून घेऊ नका, मीही गेलेय असल्या प्रश्नावर उठून, तेही युनिफॉर्ममध्ये. पण ते परत विचारतील, किंवा विचारणार नाहीत आणि रात्री अडीचला तेच मनात घेऊन उठतील, मला तर वाटतं त्या दमात निम्मी ही भीतीच आहे. म्हणून तुम्हीच विषय काढा, दिवसा, पोटात काहीतरी गेलेलं असताना, सासूबाई शेजारी असल्या तर उत्तम. सांगा की अण्णा, तुम्ही परवा विचारलं होतं. मी विचारून घेतलंय. बहुतेक माणसं तशी जात नाहीत, श्वास हळूहळू मंद होत जातो, झोप वाढत जाते आणि झोपेतच जातात. आणि मध्ये कधी खूप दम लागला तर त्याला औषध आहे, ते पुरलं नाही तर झोप लागेल असं औषध डॉक्टर देतात, ते आपण आधीच विचारून ठेवलंय. (हे खरंच विचारून ठेवा बरं का, उद्याच, खोटं बोलू नका त्यांच्याशी.) आणि त्या वेळेला मी इथं असेन.

तुम्ही दर रात्री असू शकत नाही हेही तितकंच खरं, दोन महिने झोपलेला नाहीत तुम्ही. तर एक रात्र तुम्ही, एक रात्र नणंदबाई, आणि दीर आले की सलग चार रात्री त्यांच्या, पंखा कसा धरायचा ते त्यांना दिवसाच शिकवा. सेल जास्तीचे आणून ठेवा.